वीस टक्के शेअर, चार भागधारक आणि राजीनाम्याचा मेसेज

प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टर रेडिओलॉजिस्ट आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात २०१४ साली त्या, त्यांना ज्येष्ठ असलेले एक रेडिओलॉजिस्ट (त्यांना त्या ‘सर’ म्हणतात) आणि एक पॅथॉलॉजिस्ट मित्र अशा तिघांनी भागीदारीत निदान केंद्र सुरू केले. पुढे सीटी स्कॅनसाठी कर्ज काढताना त्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. आज सरांकडे ४० टक्के, त्यांच्या पत्नीकडे १५, पॅथॉलॉजिस्टकडे २५ आणि डॉक्टरांकडे २० टक्के शेअर आहेत. चौघेही संचालक. लाभांश कधीच जाहीर झाला नाही. नफा दरमहाच्या मानधनातून वाटला जायचा. गेल्या वर्षापासून डॉक्टरांचे रिपोर्टिंग बाहेरच्या टेलिरेडिओलॉजीकडे (स्कॅन ऑनलाइन पाठवून दुसरीकडून अहवाल घेणे) गेले आणि मानधन बंद झाले. जागा सरांच्या मालकीची आहे, तिचे भाडे दुप्पट झाले. आता राइट्स इश्यूचा, म्हणजे असलेल्या भागधारकांनाच त्यांच्या हिश्श्याप्रमाणे नवे शेअर देऊ करण्याचा, ईमेल आला आहे: सध्याच्या १,००,००० शेअरवर आणखी २,००,००० शेअर, दर्शनी किमतीला म्हणजे १० रुपयांना, मुदत १५ दिवस. त्याच आठवड्यात सरांचा व्हॉट्सॲप मेसेज आला, “सोयीसाठी संचालकपदाचा राजीनामा देऊन टाक, शेअर तुझे तुझ्याकडेच राहतील.” डॉक्टर विचारतात, माझ्या २० टक्क्यांना काही अर्थ आहे का, आणि माझे पैसे घेऊन मी बाहेर पडू शकते का?

डॉक्टर, आधी राजीनाम्याचे बोलतो. देऊ नका. आज नाही, उद्या नाही, आणि बाहेर पडण्याचा आकडा कागदावर येऊन पैसे खात्यात जमा होईपर्यंत नाही.

याचे कारण भावनिक नाही. कंपनी कायद्यात भागधारकाला फार थोडे दिसते. तुम्हाला लेखापरीक्षित ताळेबंद मिळतो, सर्वसाधारण सभेची मिनिट्स पाहता येतात, सभासदांचे रजिस्टर पाहता येते. पण लेजर, बँकेची स्टेटमेंट, व्हाउचर, टेलिरेडिओलॉजीवाल्यांचा करार आणि संचालक मंडळाची मिनिट्स भागधारक म्हणून मागायचा हक्क तुम्हाला नाही. भागीदारीत कोणताही भागीदार वही उघडून बसू शकतो. कंपनी झाली त्या दिवशी तुमचा तो हक्क गेला, आणि बहुतेक डॉक्टरांना ते दहा वर्षांनी कळते. संचालकाला मात्र कलम १२८ नुसार कामकाजाच्या वेळेत हिशेबाची पुस्तके पाहता येतात. सर सोयीसाठी जे मागताहेत ती नेमकी ही किल्ली आहे.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक दंतवैद्य आले होते. रागाच्या भरात राजीनामा लिहून दिला होता. क्लिनिकच्या खर्चात काय काय घातले जाते हे त्यांना तोंडपाठ होते, पण दाखवायला एक कागद नव्हता. जे कागद संचालक असताना एका दुपारी पाहता आले असते, ते न्यायाधिकरणाकरवी मागवायला आम्हाला जवळजवळ दोन वर्षे लागली. तेव्हापासून पहिल्या भेटीत माझा पहिला प्रश्न हाच असतो: राजीनामा दिलाय का?

ते तुम्हाला काढू शकतात का? हो. कलम १६९ प्रमाणे साधा ठराव पुरतो आणि सर व त्यांच्या पत्नी मिळून ५५ टक्के आहेत. पण त्यासाठी विशेष नोटीस द्यावी लागते, तुम्हाला लेखी म्हणणे मांडता येते, ते सभासदांपर्यंत पोचवा असा आग्रह धरता येतो आणि सभेत बोलता येते. राजीनामा दिलात तर कागदावर तुम्ही स्वतःहून गेलात. काढले तर त्यांनी तुम्हाला घालवले. पुढच्या सगळ्या लढाईत हा फरक बोलतो.

दुसरा धोका अधिक गुपचूप आहे. कलम १६७ मध्ये सलग १२ महिने संचालक मंडळाच्या एकाही बैठकीला हजर न राहिल्यास पद आपोआप रिकामे होते, रजा मंजूर असो वा नसो. छोट्या कंपन्यांत बैठका बऱ्याचदा कागदावरच होतात आणि नावापुढे ‘अनुपस्थित’ लिहायला काही लागत नाही. म्हणून आजच ईमेलवर लिहा: माझ्या या पत्त्यावर आणि या ईमेलवर प्रत्येक बैठकीची सात दिवसांची नोटीस पाठवावी, मी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून हजर राहीन. नोटीस आली की जा. मागच्या बाकावर बसा, पण जा.

आणि तुमचा डीएससी कुठे आहे? डिजिटल सहीचा तो यूएसबी टोकन. दहापैकी आठ डॉक्टर सांगतात, सीएच्या ऑफिसात असेल. तो आज संध्याकाळपर्यंत स्वतःच्या ताब्यात घ्या, घेतल्याची लेखी नोंद ठेवा, आणि माझ्या लेखी संमतीशिवाय माझ्या नावाने कुठलाही फॉर्म भरू नये असे त्या ऑफिसला ईमेलने कळवा. सीए तुमच्या वाईटावर आहे असे मी म्हणत नाही. पण त्याची फी कंपनी देते, आणि कंपनी म्हणजे सध्या सर.

आता राइट्स इश्यू. तुमच्या पत्रातली खरी घाई इथे आहे, कारण मुदत चालू झाली आहे.

तुमचे आज २०,००० शेअर आहेत. नव्या शेअरपैकी तुमच्या वाट्याला ४०,००० येतात, म्हणजे ४ लाख रुपये. तुम्ही ते घेतले नाहीत आणि बाकी तिघांनी फक्त आपापले घेतले, तर एकूण शेअर २,६०,००० होतात आणि तुमचा हिस्सा ७.६९ टक्क्यांवर येतो. तुमचे न घेतलेले शेअरही कुणी उचलले, तर ६.६७. काही महिन्यांत २० चे ७ होतात, आणि हे सगळे वरकरणी कायद्याच्या चौकटीत. शेअरची खरी किंमत १० रुपयांच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे न घेणाऱ्याच्या खिशातून घेणाऱ्याच्या खिशात प्रत्येक शेअरमागे पैसा सरकतो. ज्याला पैसे भरणे जड आहे त्याला पातळ करायची ही जुनी रीत आहे.

माझे मत स्पष्ट आहे: ४ लाख भरा. भरताना सोबत पत्र द्या, की हा इश्यू कंपनीच्या गरजेसाठी नाही, मानधन थांबवल्यानंतर लगेच काढला आहे, आणि सर्व हक्क राखून मी रक्कम भरत आहे. काही वकील म्हणतील की पैसे भरले म्हणजे इश्यू मान्य केला. मला ते पटत नाही. निषेध नोंदवून हिस्सा टिकवणाऱ्या माणसाची बाजू हिस्सा गमावून नंतर रद्द करायला धावणाऱ्यापेक्षा नेहमी भक्कम असते. सर्वोच्च न्यायालयाने नीडल इंडस्ट्रीजच्या १९८१ च्या निकालात म्हटले आहे की कंपनीला खरी गरज असेल, तर राइट्स इश्यूने संचालकांचा जाताजाता फायदा झाला म्हणून तो बेकायदा ठरत नाही. उलट डेल अँड कॅरिंग्टनच्या २००४ च्या निकालात, कंपनीला गरज नसताना, केवळ ताबा मिळवण्यासाठी स्वतःला वाटून घेतलेले शेअर न्यायालयाने रद्द ठरवले. म्हणजे प्रश्न पैशाच्या गरजेचा आहे. म्हणून पत्रात विचारा: हे २० लाख कशासाठी? कुठले मशीन, कुठले कोटेशन, कुठल्या बैठकीत ठरले? संचालक म्हणून हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि ती सरांच्या सल्लागाराच्या नजरेतून सुटलेली असू शकते. राइट्सची मुदत सात दिवसांहून कमी करायची तर खासगी कंपनीत ९० टक्के सभासदांची लेखी संमती लागते. तुम्ही चारच सभासद आहात. तुमच्याशिवाय ९० टक्के होतच नाहीत. अपुऱ्या नोटिशीवर सर्वसाधारण सभा घ्यायलाही ९५ टक्क्यांचा उंबरठा आहे, तोही तुमच्याशिवाय ओलांडता येत नाही. मात्र खासगी कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या अंतर्गत नियमावलीत, सभांबद्दल वेगळे नियम असू शकतात, म्हणून आर्टिकल्सची प्रत आधी काढा. ती मागायला कुणाकडे जायला नको. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे १०० रुपये भरून पाहता येतात. त्याच वेळी वार्षिक विवरणपत्रे, ताळेबंद, शेअर वाटपाचा पीएएस-३ आणि संचालक बदलाचा डीआयआर-१२ डाउनलोड करून ठेवा. काही वेळा आपण ‘हजर’ होतो अशा सभा तिथेच पहिल्यांदा भेटतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, २० टक्क्यांना अर्थ काय.

रोजच्या कारभारात फारसा नाही. साधा ठराव ५५ टक्क्यांनी होतो. विशेष ठरावाला बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात, म्हणजे तो अडवायला २५ टक्क्यांहून जास्त हवेत. तुमच्याकडे २० आहेत. पण पॅथॉलॉजिस्ट मित्राकडे २५ आहेत. ते तुमच्यासोबत उभे राहिले तर ४५ टक्के होतात आणि आर्टिकल्स बदलणेसुद्धा सरांना शक्य होत नाही. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे, “ते मधे पडत नाहीत.” डॉक्टर, त्यांच्याशी एकदा निवांत बसून बोला. भाडे दुप्पट झाले ते त्यांच्याही खिशातून जाते.

न्याय मागण्याच्या पातळीवर मात्र तुमचे २० टक्के पुरेसे आहेत, आणि इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. दडपशाही आणि गैरकारभाराविरुद्ध कलम २४१ खाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, अर्ज करायला दहा टक्के भांडवल लागते हे सगळ्यांना माहीत असते. कलम २४४ मधला दुसरा मार्ग कमी जणांना ठाऊक असतो: १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या एकदशांश, यांतली जी संख्या कमी असेल ती पुरते. चार सभासदांच्या कंपनीत तुम्ही एकट्या म्हणजे एकचतुर्थांश. म्हणून हिस्सा उद्या ७ टक्क्यांवर आला तरी अर्जाचा दरवाजा बंद होत नाही. कलम १०० खाली स्वतः विशेष सभा बोलवायची मागणी करायला मात्र मताधिकार असलेले एकदशांश भरणा भांडवल लागतेच. ४ लाख भरायचे ते यासाठीही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. नुसते मानधन थांबले, लाभांश दिला नाही, पद काढले, एवढ्यावर एनसीएलटी तुमच्या बाजूने निकाल देईलच असे नाही. टाटा-मिस्त्री प्रकरणात २६ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने, पदावरून काढणे एवढ्याने कलम २४१ लागू होत नाही असे सांगितले. तिथेही अल्पमताचा हिस्सा १८.३७ टक्के होता, जवळपास तुमच्याएवढाच. सरांचे वकील पहिल्याच तारखेला हा निकाल पुढे करतील.

तुमचे उत्तर त्याहून जुने आहे. लंडनमध्ये इब्राहिमी आणि नाझर हे दोघे गालिच्यांचा व्यापार भागीदारीत करत होते. १९५८ मध्ये त्यांनी त्याची कंपनी केली, पुढे नाझर यांचा मुलगा आत आला, आणि १९६९ मध्ये बापलेकांनी मिळून बहुमताने इब्राहिमींना संचालकपदावरून काढले. लाभांश कधी दिलाच नव्हता, नफा संचालकांच्या मानधनातून वाटला जायचा. म्हणजे पद गेले आणि त्याबरोबर नफ्यातला सगळा वाटा गेला. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७२ मध्ये इब्राहिमींच्या बाजूने निकाल दिला. काढणे कायदेशीर होते, पण जी कंपनी परस्पर विश्वासावर, सगळ्यांनी मिळून काम करायच्या समजुतीवर उभी आहे आणि जिथून शेअर विकून सहज बाहेर पडता येत नाही, तिथे कायदेशीर हक्क वापरणेही अन्यायाचे ठरू शकते, असे लॉर्ड विल्बरफोर्स यांनी मांडले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये हिंद ओव्हरसीजच्या प्रकरणात हे तत्त्व मान्य केले, पण प्रत्येक खासगी कंपनीला ते लावता येणार नाही, अशी ताकीदही दिली.

तुमची गोष्ट इब्राहिमींच्या किती जवळ आहे ते पाहा. आधी भागीदारी, मग कंपनी. तिघेही काम करणारे. लाभांश नाही, मानधनातून वाटप. आणि नंतर घरातली व्यक्ती आत. म्हणून तुमचा सगळ्यात मोलाचा कागद २०१४ चे भागीदारीपत्र आहे. ते कंपनीवर बंधनकारक नाही. १९९१ च्या रंगराज निकालाने, शेअरच्या हस्तांतरावरचे आर्टिकल्समध्ये न उतरवलेले निर्बंध कंपनीवर बंधनकारक नसतात, हे ठरवून टाकले आहे. पण तुम्ही तिघे कोणत्या समजुतीवर एकत्र आलात हे ते पत्र सांगते. त्यासोबत त्या काळातले ईमेल, मशीन निवडतानाचे मेसेज, मानधन कसे ठरले याच्या नोंदी, सगळे तारखेवार लावा. सरांचा राजीनाम्याचा मेसेजही डिलीट करू नका, फोन बदललात तरी.

भाड्याबद्दल थोडे. संबंधित व्यक्तीशी केलेल्या व्यवहारावर कलम १८८ आहे, पण खासगी कंपन्यांना २०१५ मध्ये मिळालेल्या सवलतीमुळे सर हितसंबंध असूनही सभेत स्वतःच्या भाड्यावर मत देऊ शकतात. म्हणून ‘त्यांनी मत कसे दिले’ यात अडकू नका. ‘भाडे बाजाराच्या मानाने किती’ यावर या. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणे सक्तीचे आहे आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच रस्त्यावरच्या करारांची सूची-२ (नोंदवलेल्या कराराचा सारांश) शोधता येते. चार-पाच करार काढा. समजा बाजारभाव महिना ८०,००० आहे आणि कंपनी दीड लाख देते. म्हणजे वर्षाला ८ लाख ४० हजार नफा भाड्याच्या रूपाने बाहेर जातो. मूल्यांकनात नफ्याची पाचपट धरली तर कंपनीची किंमत ४२ लाखांनी कमी दाखवली जाते, आणि त्यातला तुमचा २० टक्के वाटा पुन्हा ८ लाख ४० हजारच. एका ओळीने तुमची किंमत इतकी हलते.

कारण शेवटी हे प्रकरण किमतीवरच संपेल. कलम २४२ खाली न्यायाधिकरण एका बाजूने दुसऱ्याचे शेअर विकत घ्यावेत असा आदेश देऊ शकते, आणि छोट्या व्यवसायांत मला हाच शेवट सर्वांत शहाणा वाटतो. पुन्हा एकत्र काम करा असा आदेश घेऊन त्याच कन्सोलवर शेजारी बसणे कुणाला जमत नाही. मूल्यांकनात तीन गोष्टींसाठी हटून बसा. तारीख राइट्स इश्यूच्या आणि मानधन थांबण्याच्या आधीची हवी. वाढीव भाडे नफ्यात परत मिळवायला हवे. आणि ‘हा अल्पमताचा हिस्सा, म्हणून ३० टक्के कपात’ हे मान्य करू नका. भागीदारीसारख्या कंपनीत बळजबरीने बाहेर काढलेल्याला पूर्ण प्रमाणात किंमत द्यावी हे इंग्लंडमध्ये बर्ड प्रिसिजन बेलोजपासून रुळलेले आहे, आणि आपल्याकडेही त्याचा आधार घेऊन युक्तिवाद करता येतो.

एनसीएलटीचे मुंबई खंडपीठ कफ परेडला आहे. तिथे तारखा लांबतात, वर्षे जातात. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. कलम ४३३ मुळे मुदतीचा कायदाही लागू आहे, म्हणून तीन वर्षे स्वस्थ बसू नका. दिवाणी न्यायालयात हा वाद नेता येत नाही. करारात लवादाचे कलम असले तरी खऱ्या दडपशाहीचा अर्ज लवादाकडे ढकलता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये राकेश मल्होत्रा प्रकरणात सांगितले आहे. पण मध्यस्थीला कुणाची ना नाही. माझ्या अनुभवात डॉक्टरांची भांडणे अर्ज तयार झाल्यावर, दाखल होण्याच्या सुमारास सर्वांत लवकर मिटतात. अर्ज नसताना समोरचा ऐकत नाही, आणि वर्षभर चालला की दोन्ही बाजू कडू होतात.

तुमच्या हातात आणखी एक पत्ता आहे, तो जपून वापरा. नोकरी किंवा काम सोडल्यावर स्पर्धा न करण्याची अट करार कायद्याच्या कलम २७ नुसार टिकत नाही. नावलौकिक, म्हणजे गुडविल, विकल्यासच वाजवी मर्यादेत टिकते. शहरात तुम्ही स्वतःचे सेंटर काढू शकता हे सरांना माहीत आहे आणि त्यांना तुमच्याकडून ती हमी हवी असेल. तिची किंमत वेगळी मागा. पण संचालक असेपर्यंत दुसरीकडे जागा बघायलाही जाऊ नका. हितसंबंधांच्या संघर्षाचा आरोप त्यांना फुकट मिळेल.

बाहेर पडताना दोन गोष्टी विसरल्या जातात. सीटीच्या कर्जाला तुम्ही वैयक्तिक हमी दिली असणार. शेअर विकल्याने ती सुटत नाही. बँकेचे हमीमुक्तीचे पत्र हातात आल्याशिवाय शेअर हस्तांतराच्या फॉर्मवर सही करू नका. आणि सोनोग्राफीच्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालच्या, नोंदणीत तुमचे नाव असेल, तर तुम्ही काम थांबवत असल्याचे समुचित प्राधिकाऱ्याला स्वतः लेखी कळवा आणि पोच घ्या. तुम्ही नसताना तुमच्या नावावर मशीन चालणे ही त्या कायद्यात फार महागात पडणारी गोष्ट आहे.

सरांच्या मेसेजला उत्तर द्यायचे राहिले आहे. गप्प राहू नका आणि जुने हिशेबही काढू नका. एवढेच लिहा: “सर, मी राजीनामा देत नाही. राइट्सचे पैसे हक्क राखून भरते आहे. पुढच्या बैठकीची नोटीस मला ईमेलवर पाठवावी. त्याआधी येत्या सोमवारी ११ वाजता हिशेबाची पुस्तके पाहायला मी ऑफिसात येत आहे.” आणि सोमवारी ११ वाजता जा.